अर्धा फेरा मागे

त्या बेटावर ताईचा हात टाकीला लागल्याशिवाय कुणी पाण्यात उतरत नसे. असा नियम कुणी केला नव्हता, तो आपोआप पडून गेला होता. सख्खी बहीण म्हणाल तर ती एकीचीच होती, पण अख्ख्या धक्क्यावर तिचं नाव ताई. डायव्हिंग स्कूलचे मालक वयाने तिच्या काकाच्या जागी शोभले असते, तरी तेसुद्धा तिला ताई म्हणत, आणि वर अहो-जाहो करत.

धक्क्याच्या टोकाला टाक्यांची शेड होती. एका बाजूला हवा भरायचा कॉम्प्रेसर दिवसभर कुरकुरत असायचा. दुसऱ्या बाजूला रबरी सूट लोंबत असत, आणि त्यांचा वास असा, की नवीन माणूस आधी नाक धरी आणि मग विचारी, हे अंगात घालायचं? येणारी माणसं दोन जातींची. एक नवशिके, ज्यांना पाण्याखाली श्वास घेता येतो यावरच विश्वास बसत नसे. दुसरे तरबेज, जे आपली सामग्री घरून घेऊन येत आणि कुठे कुठे किती खोल जाऊन आलो ते न विचारता सांगत. नवशिक्यांना पलीकडच्या उथळ खाडीत न्यायचं, जिथे खाली नुसती पांढरी वाळू. तरबेजांना बाहेरच्या कड्यापाशी न्यायचं, जिथे खाली बघितलं की काळोखच. ताईला विचाराल तर तिला नवशिके परवडत. नवशिका घाबरतो म्हणून ऐकतो, तरबेज घाबरतही नाही आणि ऐकतही नाही, असं ती म्हणायची. आपण कुठल्या जातीत बसतो याचा विचार तिने कधी केला नव्हता.

तिची धाकटी बहीण तिथेच कामाला होती. तिला सगळे बारकी म्हणत, आणि बारकी ताईपेक्षा चांगली हातभर उंच होती. लहानपणी चिकटलेलं नाव, अंग वाढलं तरी सुटलं नाही. बारकीला पाण्यात उतरवलं ताईनेच, श्वास घ्यायला शिकवलं ताईनेच. आता ती शिक्षिकेची परीक्षा नुकतीच पास झाली होती आणि पुढच्या मोसमापासून नवशिक्यांचा वर्ग एकटीने घेणार होती. तिला दुसरं काही नको होतं. लग्नाचं विचारलं तर म्हणायची, मासे विचारतात का कधी?

दोघींचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. टाकीच्या गळ्याशी एक गोल चावी असते, आपल्या नळासारखीच. एकीकडे फिरवली की हवा सुरू, दुसरीकडे फिरवली की बंद. ताई ज्या काळात शिकली त्या काळी शिकवत, की चावी पूर्ण उघडायची आणि मग अर्धा फेरा मागे घ्यायची, म्हणजे ती अडकून बसत नाही. बारकीच्या शिक्षकांनी तिला बजावलं होतं, की मागेबिगे काही घ्यायचं नाही. चावी एक तर पूर्ण उघडी, नाही तर पूर्ण बंद, मधलं काही ठेवायचंच नाही. कारण कुणी चुकून पूर्ण बंद करून अर्धा फेरा मागे घेतला, तर हाताला सगळं तसंच लागतं. बोटीवर दोन श्वास बरोबर येतात, हवेचा काटाही टाकी भरलेली दाखवतो, आणि खाली, जिथे हवा जास्त लागते, तिथे टाकी गळा आवळते. बारकीने हे ताईला अनेकदा सांगितलं. ताई म्हणायची, तुझ्या शिक्षकांचा जन्म व्हायच्या आधीपासून मी चाव्या फिरवते आहे, मला उघडी आणि बंद यातला फरक कळत नाही होय? बारकी पुढची टाकी उचलायला जाई. मोठ्या बहिणीशी वाद घालून जिंकलेली धाकटी अजून जन्माला यायची आहे.

त्या दिवशी बोटीवर गर्दी नव्हती. दातांच्या एक डॉक्टरीणबाई आणि त्यांचे यजमान, दोघंही नवशिके. हौस सगळी यजमानांची होती, पण बोट धक्क्यापासून सुटली मात्र आणि त्यांनी काठ धरला तो सोडला नाही. पोटातलं सगळं समुद्राला देऊन झाल्यावर ते म्हणाले, तू जाऊन ये, मी इथूनच बघतो. शिवाय एक तरबेज गृहस्थ होते, भलामोठा कॅमेरा घेऊन आलेले. त्यांना ताई नंतर कड्यापाशी नेणार होती. सुकाणूवर नेहमीप्रमाणे बोटवाले काका होते. बाईंची टाकी बारकीने बसवली, चावी उघडली, बाईंना दोन श्वास घ्यायला लावले, आणि मग स्वतः आधी पाण्यात उतरून त्यांची वाट बघत राहिली.

एरवी ताई गिऱ्हाइकाला उभं करायची आणि मागून चावी तपासायची. त्या दिवशी बोट हलत होती, बाई डोळे मिटून बाकावर बसल्या होत्या, तेव्हा ताईने त्यांना उठवलं नाही. समोरूनच त्यांच्या खांद्यावरून हात मागे घातला. त्याच वेळी कॅमेरेवाले तिला सांगत होते, की आमच्याकडचा कडा यापेक्षा खोल आहे. ताई कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. मान वळवून म्हणाली, मग तिथेच जायचं होतं की. आणि बोलता बोलता चावी फिरवली. चावी फिरत गेली. ताईच्या मनात आलं, घ्या, आमच्या शिक्षिकाबाईंनी धड उघडलीसुद्धा नाही. खोटं कशाला बोला, तिला जरा बरंच वाटलं. संध्याकाळी हिला चांगली ऐकवायची, असं ठरवून तिने चावी टोकापर्यंत नेली, सवयीने थोडी मागे घेतली आणि टाकीवर थाप मारली.

पुढचं सगळं पाण्याखाली झालं. वाळूशी पोचल्यावर बाईंनी मोठा श्वास ओढला आणि तो आलाच नाही. दुसरा ओढला, अर्धाच आला. त्यांनी तोंडातली नळी थुंकून टाकली आणि वर जायला हातपाय झाडले. बारकीने त्यांचं जॅकेट धरलं ते सोडलं नाही. आपल्या टाकीची जादा नळी त्यांच्या तोंडात दाबली, आणि लाथा खात, एकदम वर जाणं जिवावर बेततं म्हणून त्यांना खाली ओढत ओढत, हळूहळू वर आणलं. बाई बोटीवर आल्या तेव्हा खोकत होत्या आणि एका कानातून रक्त येत होतं. बारकीच्या गालावर त्यांची नखं उमटली होती.

काकांनी बाईंच्या पाठीवरची टाकी काढली आणि चावी फिरवून बघितली. म्हणाले, ही जेमतेम उघडी आहे. मग त्यांनी बारकीकडे बघितलं. काही वाईट मनात नव्हतं त्यांच्या, टाकी तिने बसवली होती म्हणून बघितलं. ताईचा हात खांद्यावरून कसा गेला, चावी कुठल्या बाजूला फिरली, ते सगळं तिला तेव्हाच्या तेव्हा दिसलं. समोरून गेलेल्या हाताला डावं-उजवं उलटं होतं. तिने उघडलेली चावी बंद केली होती आणि मग अर्धा फेरा सोडला होता.

"मी पूर्ण उघडली होती," बारकी म्हणाली. मग थांबली. "उघडली होती ना मी?"

हे ती ताईला विचारत होती. ताईने बाईंच्या खांद्यावर टॉवेल टाकला. धक्क्यावर आल्यावर मालकांनी विचारलं, ताई, तुमचा हात फिरला होता ना? तेव्हा मात्र काही तरी बोलणं भागच होतं. ताई म्हणाली, सगळ्यांच्या बघितल्या, बोट हलत होती, बाईंची तेवढी राहून गेली.

बघा, केवढं सोपं वाक्य. मालक म्हणाले, एखादी राहायचीच, तुम्ही तरी किती ठिकाणी पुरणार? म्हणजे खोटं बोलून वर शाबासकी मिळाली. चावी फिरली त्या वेळी कॅमेरेवाले बोलत होते तेही कॅमेऱ्याच्या डबीत डोकं घालून, यजमान समुद्राकडे तोंड करून होते, बाईंचे डोळे मिटलेले, काका सुकाणूवर आणि बारकी पाण्यात. कुणीही बघितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या मुठीत काय आहे ते जिचं तिलाच माहीत असतं आणि ते दिवसभर टोचत राहतं.

बाईंचा कान बरा होईल असं डॉक्टरांनी सांगितलं. जाताना त्या बारकीला जवळ घेऊन म्हणाल्या, तू होतीस म्हणून मी आहे. बारकीला ते ऐकवेना. तिच्या दृष्टीने आग लावणारी तीच आणि विझवणारीही तीच, मग कौतुक कसलं? दुसऱ्या दिवसापासून ती पाण्यात उतरली नाही. टाकीला हात लावेना. सूट धुवायचे, मास्क पुसायचे, आल्यागेल्याला खुर्ची द्यायची, एवढंच करू लागली. कुणी विचारलं तर सर्दी झाली म्हणे. सर्दी काही जाईना.

मालकांनीही एक फर्मान काढलं. यापुढे प्रत्येक टाकीची चावी ताईच उघडतील, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांना ते पटलं. ज्या हाताने घोळ घातला त्याच्याच ताब्यात सगळ्यांचे श्वास गेले, आणि हे ठाऊक असलेली एकटी ताईच. ती आता प्रत्येक चावी दोनदा बघे, तीनदा बघे. माणूस पाण्यात उतरलं की वर येईपर्यंत बोटीच्या काठाला खिळून राही. काका म्हणाले, ताई, तू तर फारच मनावर घेतलंस, चूक पोरीची आणि झुरतेस तू. ताईने तोंड फिरवलं. काकांना वाटलं, किती माया आहे बहिणीवर.

ती सांगणार नव्हती असं नाही. रोज सांगणार होती. सकाळी दात घासताना वाक्य तयार असे. पण पहिल्या दिवशी जे सांगायला एक वाक्य पुरलं असतं, त्याला दुसऱ्या दिवशी दोन लागली असती, कारण काल का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. असं करत करत ते इतकं वाढलं की तोंडात मावेना. दोघी बहिणी धक्क्यामागच्या एका खोलीत राहत. दोन खाटा, मध्ये एक पंखा. बारकी खाटेवर बसून आपले हात उलटेसुलटे करून बघायची. ताई म्हणायची, झोप आता, होतं असं कधी कधी. हे बोलताना तिला स्वतःची किळस यायची. तरी ती बोलायचीच.

मग एके दिवशी बारकीने घरी फोन करून आईला सांगितलं, की मी परत येते आहे, मावशीच्या दुकानात काही काम असेल तर बघ. आईला आनंदच झाला. पोरगी पाण्यातून एकदाची बाहेर आली, सुंठीवाचून खोकला गेला. तिने तो आनंद ताईलाही फोन करून सांगितला. ताई हो हो म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर ती सुटांच्या रांगेमागे गेली आणि रडली. बाहेर कुणी तरी तिला हाका मारत होतं, टाक्या तपासायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई शेडमध्ये नवशिक्यांच्या टाक्या मांडत होती. बारकी दारात येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती टाक्यांच्या इतक्या जवळ आली होती. ताईला वाटलं, निरोप घ्यायला आली असेल. बारकी म्हणाली की तिने जायचं अजून नक्की केलेलं नाही. एक शेवटचा प्रयत्न करून बघायचा आहे.

"ताई, मला तो अर्धा फेरा शिकव," ती म्हणाली. "तुझंच बरोबर होतं. मी उगाच पुस्तकातलं घेऊन बसले. तू करतेस तसंच करीन मी, म्हणजे माझ्या हातून पुन्हा असं होणार नाही."

आणि तिने हात पुढे केला. ताईने तो धरून चावीवर ठेवावा म्हणून. लहानपणी ठेवायची तसा.

ताईने तो हात बघितला. आत्तापर्यंत तिने बारकीचं काम घेतलं होतं, झोप घेतली होती, आणि ते सगळं ती कसं तरी गिळून बसली होती. पण ही पोर आता बरोबर होतं तेच टाकून चूक ती शिकायला आली होती, वर थोरलीचे आभार मानत. उद्या हीच कुणाच्या तरी खांद्यावरून हात घालील, फिरवील, अर्धा फेरा मागे घेईल. आणि तेव्हा खाली जादा नळी घेऊन कुणी असेलच असं नाही. ताई आता थांबू शकत नव्हती.

"तुझं काही चुकलं नव्हतं."

"आता समजूत काढू नकोस."

"समजूत नाही काढत. त्या बाईंची टाकी मी बंद केली. समोरून हात घातला आणि उलटी फिरवली, वर अर्धा फेरा सोडला. राहूनबिहून काही गेली नव्हती. मी खोटं बोलले."

बारकीचा हात अजून पुढेच होता. तो तिने मागे घेतला.

"तुला कळलं केव्हा?"

"काकांनी चावी बघितली तेव्हाच."

"त्याच दिवशी."

"हो."

बारकी चिडली असती तर बरं झालं असतं. तिने एखादी टाकी लाथेने पाडली असती तरी ताईने ती मुकाट उचलून ठेवली असती. पण बारकी नुसती बघत राहिली, आपण कुणाकडे बघतो आहोत ते ओळखायचा प्रयत्न करत असावी तशी.

"मी रोज माझे हात बघत बसायचे गं," ती म्हणाली. "आणि तू शेजारच्या खाटेवरून मला म्हणायचीस, झोप आता, होतं असं."

चूक झाली म्हणावं तर चूक त्या अर्ध्या फेऱ्याची होती, ती एका क्षणात होऊन गेली होती. ही दुसरी मात्र ताईने रोज, जाणूनबुजून, शुद्धीवर राहून केली होती. ती तशीच धक्क्यावर गेली. मालक होते, काका होते, नवशिक्यांचा एक घोळका सूट चढवत होता. सगळ्यांसमोर तिने जे होतं ते सांगितलं. काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मालकांनी पहिल्यांदाच तिला अगं म्हटलं, अगं, काय बोलतेस तू हे? नवशिक्यांपैकी एकाने हळूच आपली टाकी तिच्यापासून लांब सरकवली. ते तिने बघितलं.

बोलून टाकलं की मन हलकं होतं म्हणतात. ज्याने म्हटलं त्याला धाकटी बहीण नसावी. ताईचं मन काही हलकं झालं नाही, उलट आता लपायला जागाही उरली नाही. तिने बाईंना फोन केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाल्या, मला सांगितलंत ते ठीक, पण त्या मुलीला काय वाटलं असेल हो? आणि फोन ठेवला.

मालकांनी तिला काढून टाकलं नाही. विचार करून त्यांनी एवढंच सांगितलं, की पहिल्यापासून शिका. नवशिक्यांच्या वर्गात बसा, सगळं पुन्हा करा, आणि शिक्षिका सांगेल तेव्हाच बोटीवर परत या. शिक्षिका म्हणजे बारकी. मावशीच्या दुकानाचं कुणी पुन्हा काढलं नाही. बारकीने सूट चढवला होता आणि ती पाण्यात परत गेली होती. खोलीत दोघी कामापुरतं बोलत. पंखा बंद करू का, साबण संपलाय, एवढंच.

नव्या मोसमाचा पहिला वर्ग उथळ खाडीच्या काठावर भरला. ताई शेवटच्या बाकावर, तिच्याहून कितीतरी लहान पोरापोरींमध्ये बसली. बारकी पुढे उभी राहून सांगत होती, एकेक शब्द स्पष्ट. चावी पूर्ण उघडायची. मागे घ्यायची नाही. समोरून हात घालायचा नाही, माणसाला उभं करायचं आणि मागे जाऊन बघायचं. कुणाकडे न बघता ती बोलत होती. सगळ्यांनी एकदम म्हणून दाखवलं, ताईनेही म्हटलं. मग जोड्या पाडल्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची टाकी तपासायची, हा पाण्याखालचा पहिला धडा. कारण तिथे आपला श्वास दुसऱ्याच्या हाती असतो. मुलं भराभर जोड्या करून मोकळी झाली. ताईबरोबर उभं राहायला कुणी तयार नव्हतं, आणि त्यांचं काही चुकलंही नव्हतं.

बारकीने सगळ्या वर्गावर नजर फिरवली. ताई म्हणाली, मी थांबते आज. बारकी म्हणाली, वर्गात एकट्याने थांबायचं नसतं. आणि ती येऊन ताईकडे पाठ करून उभी राहिली.

ताई तिच्या मागे गेली. चावीवर हात ठेवला. दुसऱ्या हाताने टाकी धरली. चावी पूर्ण उघडली, टोकाला लागेपर्यंत, आणि तिथेच सोडून दिली.

"पूर्ण उघडी आहे," ती म्हणाली.

बारकीने मान हलवली. मग स्वतःचा हात खांद्यावरून मागे नेला, बोटांनी चाचपून चावी शोधली आणि ती पुन्हा एकदा फिरवून बघितली. पूर्ण उघडी होती. तिने मास्क डोळ्यांवर घेतला, वर्गाला चला म्हणाली, आणि दोघी पाण्यात उतरल्या.